पसंती आणि टॉन्सिल

भूल उतरून राजशेखरने डोळे उघडले, तेव्हा समोरच्या भिंतीवर एक जिराफ हसत उभा होता. शेजारी ससा होता, फुगे होते. शेजारच्या खाटेवर सहा वर्षांची आयत मांडी घालून आइस्क्रीम खात बसली होती. दोघांचे टॉन्सिल आणि नाकामागचे अॅडेनॉइड त्याच सकाळी निघाले होते.

"अंकल, तुमीपण रडले का?" आयतने विचारलं.

राजशेखरने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घशात कुणीतरी किसणी फिरवल्यासारखं वाटून लगेच मिटलं.

"बोलू नका!" डॉक्टरीणबाई आत येत म्हणाल्या. "लहान मुलं पाच-सहा दिवसांत उड्या मारायला लागतात. तुम्ही तेहेतीस वर्षांचे आहात, तुमचे दोन आठवडे धरा. पहिला आठवडा एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. थंड आणि मऊ खायचं, पाणी भरपूर प्यायचं. कडक आणि तिखट बंद."

"आन् घोरायचं?" राजशेखरच्या आईने, मायाक्कांनी विचारलं.

"तेही बंद होईल."

घोरणं थांबणार याचं मायाक्कांना समाधान वाटलं, पण आठवडाभर न बोलण्याचं ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. कारण दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, अक्कलकोटला मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला होता. मुलीचं नाव सुकन्या. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. तिला वडील नव्हते, त्यामुळे घरचा सगळा कारभार तिचे मामा अण्णाराव बघायचे. "आठ दिवसांत कळवतो," असं मामा म्हणाले होते. ऑपरेशनची तारीख मात्र महिनाभर आधीपासून ठरलेली होती.

घरी येताना रिक्षातच मायाक्कांनी हुकूम सोडला. "राजू, यातलं एक अक्षर अक्कलकोटला कळू द्यायचं न्हाय. मागच्या खेपेला तुला नुसता खोकला झालता, तर त्या पोरीकडचे म्हणाले पोराला दमा हाय. आता तर कापाकापी झालीया."

राजशेखरने मोबाइलवर लिहून दाखवलं : 'अव्वा, टॉन्सिल काय कुणालाही होतात. लहान पोरांना पण होतात.'

"म्हणूनच की! एवढ्या मोठ्या बाप्याला लेकराचं दुखणं झालंय म्हणून सांगू व्हय?"

राजशेखरने मोबाइल खिशात ठेवला.

तो सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. दहा वर्षं मागांच्या खडखडाटात ओरडून बोलल्यामुळे घरी मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. बोलण्याची हौसही मोठी. अक्कलकोटला तो पाऊण तास बोलला होता. टॉवेलचं सूत, त्याला दिलेला पीळ, चांगला टॉवेल पाणी कसा पितो, वाईट टॉवेल ते नुसतं इकडून तिकडे कसं फिरवतो, सगळं सांगून झालं होतं. परत येताना मायाक्कांचा ऊर भरून आला होता. "पोरगा किती मोकळा बोलला!" असं त्या बसमध्ये शेजारच्या बाईलाही म्हणाल्या होत्या.

तोच राजशेखर आता घोटभर पाणी गिळायच्या आधी पाच मिनिटं पेल्याकडे बघत बसायचा. गिळलं की कळ घशातून थेट कानात जायची. दहीभात मिक्सरमधून काढावा लागायचा. शेजारचा खालिद रोज आइस्क्रीमचा डबा घेऊन यायचा, निम्मं स्वतःच खायचा आणि "तकलीफ तेरेकू है, देखा मेरेसे नहीं जाता," म्हणून हळहळायचा.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता सुकन्याचा फोन आला. राजशेखर हादरला. फोन घेतला तर बोलता येत नाही, न घ्यावा तर स्थळ जातं. त्याने फोन कट करून घाईघाईने मेसेज केला : 'माइक बिघडलाय. मला ऐकू येतं, पण माझा आवाज जात नाही. तुम्ही बोला, मी लिहितो.'

थोड्या वेळाने फोन परत वाजला. सुकन्या आधी अडखळत बोलली. काय बोलावं हेच तिला सुचत नव्हतं, मग शाळेतलं सांगायला लागली. वर्गातली एक मुलगी पाटीवरचं पुसायला थुंकी लावते आणि रागावलं की म्हणते, बाई, पाणी लांब आहे.

'मग?' राजशेखरने लिहिलं.

मग सुकन्याने वर्गातच पाण्याची बाटली ठेवली. तर त्या मुलीने बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं आणि पाटी पुन्हा थुंकीनेच पुसली.

राजशेखरला हसू आलं, आणि हसल्यामुळे घशात अशी कळ आली की तो उशीवर आडवाच झाला. पण दुसऱ्या दिवशी साडेचारपासूनच तो फोन मांडीवर घेऊन बसला. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे त्याला खरोखरच ऐकायचं होतं.

शनिवारी सकाळी मामांनी फोन केला, तो मायाक्कांच्या मोबाइलवर.

"राजशेखरना द्या की जरा. दोन शब्द बोलतो."

"तो आंघोळीला गेलाय."

अर्ध्या तासाने मामांनी परत फोन केला. तेव्हा राजशेखर पूजेला बसला होता. तासाने केला तेव्हा तो जेवत होता.

"मायाक्का," मामांचा आवाज बदलला, "सकाळधरनं तीन येळा फोन केला. तुमचं चिरंजीव घरात हायत का न्हायत? दहा मिनिटांनी परत करतो. तेव्हा द्या."

मायाक्कांनी डोक्याला हात लावला. आइस्क्रीम खात बसलेल्या खालिदने चमचा खाली ठेवला. "अव्वा, टेन्शन कशाला घेता? मोबाइलमंदी ॲप असतं. आपण लिवायचं, ते बोलतं. मराठीपण बोलतं."

दहा मिनिटांत ॲप उतरवून झालं. वाक्यं लिहून झाली. ते बोलतं कसं, हे ऐकून बघायला मात्र कुणाला सुचलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. मायाक्कांनी आपला फोन राजशेखरच्या फोनला चिकटवला आणि खालिदने बटण दाबलं.

"नमस्कार मामा," एक अतिशय गोड, नाजूक बायकी आवाज म्हणाला. "मी राजशेखर बोलतोय. माझी तब्येत ठणठणीत आहे."



"कोण बोलतंय?" मामांनी विचारलं.

राजशेखरने सुचलं ते लिहिलं. "मीच. राजशेखर," बाई तितक्याच गोडव्याने म्हणाली.

"ओ बाई, तुमी कोण? आन् त्यांच्या घरात काय करताय?"

खालिदने फोन हिसकावला. "हां मामा, मैं... मी राजशेखर! ते... टीव्ही होता."

"टीव्हीवर तुमचं नाव घेत्यात?"

"हां... नाही... नेटवर्कचा घोळ हाय मामा," असं म्हणून खालिदने फोन बंद केला आणि कपाळावरचा घाम पुसला. "अव्वा, निभावलं बघा."

निभावलं नव्हतं. संध्याकाळी मामांचा मेसेज आला : 'उद्या येतो. सुकन्यापण येणार.'

रविवारी सकाळी मायाक्कांनी बेत समजावला. राजशेखरने हसायचं आणि मान हलवायची. बोलायचं काम त्या करतील. मदतीला खालिद बसेल. मामांची पावलं दारात वाजली तेव्हा मायाक्कांच्या ध्यानात आलं की खालिदचा आवाज मामांनी काल राजशेखर म्हणून ऐकलाय. "तूबी बोलू नगंस!" त्या घाईने पुटपुटल्या.

मामा आत आले, तर खुर्च्यांवर दोन धडधाकट तरुण नुसते हसत आणि माना हलवत बसलेले. मामांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मागोमाग सुकन्या आली आणि राजशेखरला निरखत बसली.

"प्रवास कसा झाला?" मायाक्का म्हणाल्या.

"झाला की." मामांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. "घरात अजून कोण असतं?"

"कोण न्हाय. मी आन् राजू."

"मग काल फोनवर बोलली ती बाई?"

"ती... ती पावणी हुती."

"कुटं हाय?"

"गेली की. होटगीला."

"तिचं नाव पण राजशेखरच हाय का?"

मायाक्कांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काहीच न सुचून मिटलं. आता घरात तिघं मुके झाले.

मामांनी शांतपणे पिशवीतून एक डबा आणि फडक्यात बांधलेली चवड काढली. "सुकन्याच्या आईनं दिलंय. कडक भाकरी आन् शेंगाची चटणी. घ्या राजशेखर. तुमाला आमच्या घरचं चालतं का बघू."

मुलीकडची भाकरी नाकारणं म्हणजे मुलगी नाकारणं, हे राजशेखरला कळत होतं. त्याने मायाक्कांकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या. त्याने भाकरी मोडली, कौल फुटावं तसा आवाज झाला. चटणी लावून त्याने तुकडा तोंडात घातला आणि गालात दाबून धरला. चटणी मात्र थांबायला तयार नव्हती. तिचा पहिला ओघळ घशाला लागला आणि राजशेखरच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

"हे रडत्यात का?" मामांनी विचारलं.

"आनंदानं," मायाक्का म्हणाल्या.

"मग गिळा की."

सुकन्या उठून राजशेखरसमोर उभी राहिली. "आ करा," ती म्हणाली.

वर्गात बाई म्हणतात त्या सुरात ती म्हणाली, त्यामुळे राजशेखरनेच नव्हे, खालिदनेही आ केला. सुकन्याने मोबाइलची बत्ती राजशेखरच्या तोंडात मारली.

"थुंका! आधी तो तुकडा थुंका! मामा, यांचे टॉन्सिल काढलेत. दोन्हीकडे पांढरी खपली आहे. गेल्या साली माझ्या वर्गातल्या दोन पोरींचे काढले होते, मी रोज बघायची. किती दिवस झाले?"

राजशेखरने पाच बोटं दाखवली.

"पाच दिवस! आणि भाकरी खाताय? खपली निघून रक्त आलं असतं म्हणजे?" ती मायाक्कांकडे वळली. "गार पाणी द्या यांना."

राजशेखर पाणी पीत असताना मायाक्कांचा बांध फुटला. घोरणं, ऑपरेशन, दम्याची भीती, आंघोळ, पूजा, ॲपमधली बाई, त्यांनी सगळं सांगून टाकलं. खालिदनेही उभं राहून हात जोडले. "माफ करा मामा. कालचा राजशेखर मैंच था."

मामा लाल झाले. "म्हणजे सगळी फसवणूकच! चल सुकन्या. आपला नकार हाय."

"नकार तर मी गेल्या रविवारीच ठरवला होता," सुकन्या म्हणाली.

राजशेखरच्या हातातला पेला तसाच राहिला.

"त्या दिवशी हे पाऊण तास टॉवेलवर बोलले, मामा. सगळा चहा निवून गेला. मला एक प्रश्न विचारला नाही यांनी. घरी गेल्यावर आईला सांगितलं, असल्या माणसाशी आयुष्यभर बोलायचं म्हणजे मला बोलायची पाळीच यायची नाही. आई म्हणाली, एकदा फोन करून बघ, मग नकार दे." ती थांबली. "तर यांचा माइक बिघडलेला."

"ते पण खोटंच की!" मामा म्हणाले.

"व्हय. त्याचा राग आहे मला. तो मी सावकाश काढणार आहे. पण चार दिवस मी बोलतेय आणि हे ऐकतायत. माझ्या वर्गातल्या अकरा पोरांची नावं यांना पाठ झालीत. काल मी सांगायला विसरले, तर यांनीच लिहून विचारलं, त्या थुंकीवालीचं काय झालं?" तिने राजशेखरकडे बघितलं. "माझा होकार आहे. पण घसा बरा झाल्यावर बघण्याचा कार्यक्रम पुन्हा करायचा. या खेपेला मी यांना बघायला येणार आणि प्रश्न मी विचारणार."

राजशेखरने इतक्या जोरात मान हलवली की कानापर्यंत कळ गेली. मायाक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मामा थोडा वेळ उभेच राहिले, मग "तुजं तू बघ बाई," म्हणून पुन्हा खुर्चीत बसले.

सुकन्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दहीभात मिक्सरमधून काढायचा नाही, हातानेच मऊ कालवायचा, हे ती मायाक्कांना शिकवायला लागली. खालिद बर्फ आणायला पळाला. बाहेरच्या खोलीत मामा आणि राजशेखर दोघेच उरले.

मामांनी घसा खाकरला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग आपली खुर्ची हळूच सरकवत राजशेखरच्या खुर्चीला आणून भिडवली.

"जावईबापू," ते अगदी हळू म्हणाले, "ऑपरेशननं घोरायचं खरंच थांबतं व्हय?"

राजशेखरने मान हलवली.

"तुमची मामी तीन वर्सं झाली दुसऱ्या खोलीत झोपतीया. पावण्यांस्नी सांगतो, तिला पंख्याचं वारं सोसत न्हाय." त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. "जरा बत्ती मारून बघा की."

मामांनी मोठा आ केला. राजशेखरने मोबाइलची बत्ती लावली. आत दोन्ही बाजूंना सुपारीएवढे टॉन्सिल एकमेकांना टेकायला आले होते. त्याने बघितलं, बत्ती बंद केली आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर मामांच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

"कुणाला बोलू नका, बरं का," मामा म्हणाले. "ह्या वयात लेकराचं दुखणं म्हणजे लोक हसत्याल."

राजशेखरने छातीवर हात ठेवला. गुपित सांगायला त्याच्याइतका भरवशाचा माणूस त्या दिवशी सगळ्या सोलापुरात दुसरा नव्हता.