राळ आणि अकरा डोकी

हेप्सीमावशींनी मागचं दार उघडलं तेव्हा पायरीवर कप्तान ल्यूशियस फेन आणि छोटा एझ्रा टटल गालाला गाल लावून उभे होते.

"काय रे, एवढं प्रेम कधीपासून?" मावशींनी विचारलं.

"प्रेम नाही मावशी, चिकटलोय आम्ही," ल्यूशियस म्हणाला.

त्यांच्या मागे अंगणात बाकीचा संघ उभा होता. कुणी जोडीने, कुणी तिघं मिळून. एकाचा हात दुसऱ्याच्या केसांत, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. मावशींच्या खाणावळीत राहणारी ही अकरा मुलं एरवी जेवायलाही एका वेळी येत नसत.

ओहायोतल्या आमच्या छोट्या कॉलेजात फुटबॉल आला त्या पहिल्या वर्षाची ही गोष्ट. तेव्हाचा फुटबॉल पायांनी कमी आणि खांद्यांनी जास्त खेळला जायचा. चेंडू काखेत मारायचा, पळायचं, आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की चार गुण. डोक्याला काही घालायची पद्धत नव्हती. म्हणून खेळणारी पोरं जून महिन्यापासून केस वाढवायची. शरद ऋतूपर्यंत त्यांच्या डोक्यावर चांगली गादी तयार व्हायची. गावातला न्हावी तेवढा फुटबॉलच्या नावाने बोटं मोडायचा.

केस झकास वाढले, पण गुण काही मिळेनात. अख्ख्या मोसमात एकही नाही. चेंडू हातात आला की साबणासारखा निसटायचा. शेवटी कॉलेजचे अध्यक्ष डॉक्टर व्हिटकम यांनी ल्यूशियसला बोलावून घेतलं. डॉक्टर लॅटिन शिकवत आणि त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"फेन, थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेवटचा सामना आहे ना? त्यात एकदा तरी गुण मिळवून दाखवा. जिंका असं म्हणत नाही मी. पण तेवढंही जमलं नाही, तर चेंडू माझ्या कपाटात आणि तुम्ही ग्रंथालयात."

ल्यूशियसला वडिलांनी शेतावरून मोठ्या नाराजीने कॉलेजात पाठवलं होतं, आणि लॅटिनमध्ये त्याचा उजेड पडण्याची चिन्हं नव्हती. हा संघ म्हणजे त्याने स्वतः उभी केलेली एकुलती एक गोष्ट होती. त्याने रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि तोडगा काढला: चेंडू निसटतो ना? मग हाताला पाइनची राळ पातळ करून फासायची.

सामन्याच्या आदल्या दुपारी सगळ्यांनी राळ फासली, आणि खरंच, चेंडू कुणाच्याच हातून सुटेना. आनंदाच्या भरात अकराच्या अकरा एकमेकांवर पडले. थंडीत राळ घट्ट झाली. उठायची वेळ आली तेव्हा कुणाचं डोकं कुणाच्या हातात, हे कळेना.

"आणि अशा थाटात भर रस्त्यातून आलात?" मावशींनी विचारलं.

"डॉक्टर व्हिटकम भेटले वाटेत," एझ्रा म्हणाला. "त्यांनी टोपी उचलली. म्हणाले, असा बंधुभाव हवा."

मावशींनी रॉकेल लावून पाहिलं, डुकराची चरबी चोळली, गरम पाणी ओतलं. राळ पसरली, सुटली मात्र नाही.

"लोणी लावून बघा ना," कुणीतरी सुचवलं.

"लोणी उद्याच्या सणाच्या टर्कीला आहे. तिने काय घोडं मारलंय?" असं म्हणत मावशी आत गेल्या आणि मेंढ्यांची लोकर कापायची कातर घेऊन आल्या. मावशींचे यजमान मिस्टर क्रॅन्डल वारल्यापासून ती खुंटीवरच होती.

"मावशी, नको! केस गेले तर उद्या डोकी फुटतील!"

"मग चर्चमध्येही असेच गळ्यात गळे घालून बसणार का? बस खाली. दोघंही बसा, दुसरा इलाज आहे का?"

दिवेलागणीपर्यंत अंगणात केसांचा ढीग पडला आणि चुलीपाशी अकरा चकचकीत डोकी रांगेत बसली. ल्यूशियसच्या डोळ्यांत पाणी आलं. "संपलं सगळं," तो म्हणाला. "उघड्या डोक्याने कोण उतरेल मैदानात?"

मावशींना हा खेळ मुळीच आवडत नसे. जनावरं बरी, असं त्या उघड म्हणत. पण पोरगा जेवत नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी आपला लाल फ्लॅनेलचा परकर फाडला, हंसाच्या पिसांची उशी उसवली आणि टोप्या शिवायला घेतल्या.

"परकराची टोपी?" एझ्रा दचकला.

"धुतलेला आहे," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लाल फुगीर टोप्या घालून संघ उतरला तेव्हा नदीपलीकडच्या कॉलेजची पोरं हसून हसून वाकली. हसणं आवरल्यावर मात्र त्यांनी आमच्यांना चिखलात असं लोळवलं की चाळीस गुण कधी झाले ते कळलं नाही. डॉक्टर व्हिटकम छत्री घेऊन रेषेजवळ उभे होते. मधूनमधून घड्याळ बघत होते.

अगदी शेवटी ल्यूशियसने चेंडू एझ्राकडे दिला. एझ्रा वाऱ्यासारखा पळायचा. पण मोसमभर त्याचे लांब केस मागे उडत राहायचे आणि कुणाच्या तरी मुठीत सापडायचे. आताही समोरच्यांच्या सर्वांत दांडग्या गड्याने सवयीने झडप घातली आणि जे हाती लागलं ते गच्च धरलं. बाकीचे त्याच्यावर कोसळले. हवेत पिसंच पिसं. ढिगाऱ्याखालून तो ओरडत होता, "धरला! धरला!" त्याच्या हातात परकराची टोपी होती. एझ्राचं गुळगुळीत डोकं पार पुढे, रेषेकडे निघालं होतं.

"धाव, टटल! धाव लेका!" कुणीतरी गरजलं. लोक वळून बघतात तो, डॉक्टर व्हिटकम छत्री फिरवत मैदानातून एझ्राच्या बरोबरीने धावत होते! एझ्राने चेंडू टेकवला आणि त्याच क्षणी छत्री पंचाच्या हॅटवर बसली.

चार गुण मिळाले, पण पंच भडकला. त्याने डॉक्टरांचा दंड धरला आणि त्यांना थेट कुंपणाबाहेर आणून सोडलं. "म्हातारबुवा, तुम्ही पुन्हा कधीही या मैदानावर दिसलात तर सामनाच बंद करीन!"

बाहेर रस्त्यावर मावशी आपल्या घोडागाडीत उंच बसल्या होत्या. डॉक्टरांना कुंपणावरून काही दिसेना. टाचा उंचावूनही दिसेना.

"काय चाललंय, मिसेस क्रॅन्डल?" त्यांनी विचारलं.

"संपलं. हरलो आपण. चाळीसला चार."

डॉक्टरांनी चेहरा पुसला. "पुढच्या वर्षी सराव लवकर सुरू करायला हवा," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला मात्र आता बघायला मिळणार नाही."

मावशींना त्या थोर माणसाची दया आली. "माझ्या माडीच्या खिडकीतून मैदान छान दिसतं," त्या म्हणाल्या. "येत जा. फक्त आरडाओरडा करायचा नाही."

डॉक्टरांनी छत्री काखेत मारली.

"तसं वचन देता येणार नाही," ते म्हणाले आणि गाडीत चढून बसले.