साळिंदरांच्या घरचा डॉक्टर

एका जंगलात, बाळांनो, एक भलंमोठं इस्पितळ होतं. तिथे डाव्या कानाचा डॉक्टर वेगळा होता आणि उजव्या कानाचा वेगळा. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

त्या इस्पितळात निरंजन नावाचा एक तरुण मुंगूस डॉक्टरकी शिकत होता. त्याला हृदयाचा मोठा डॉक्टर व्हायचं होतं. पण त्याआधी प्रत्येकाला फॅमिली मेडिसिनच्या, म्हणजे घरगुती डॉक्टरकीच्या, विभागात काही दिवस काम करावं लागे. त्या विभागाच्या डॉक्टर हत्तीणबाईंनी सही दिली नाही, तर परीक्षेला बसता येत नसे.

पहिल्याच सकाळी कुमुद साळिंदरीण आली. तिचं डोकं सारखं दुखायचं. इस्पितळातल्या सगळ्या डॉक्टरांनी तिला तपासलं होतं आणि आपापला अवयव उत्तम असल्याचं सांगितलं होतं.

निरंजनने तीन दुर्मीळ आजार सुचवले. त्यातला एक फक्त देवमाशांना होतो.

"घरी जाऊन ये," हत्तीणबाई म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"तिच्या. आपल्या विषयाचं नाव काय आहे?"

निरंजन गेला. साळिंदरांच्या बिळात जेवणं चालली होती. कुमुदची सासू, भागीरथीबाई, सुरणाची भाजी वाढत होती.

"माझ्या सुरणाला नावं ठेवते ना, म्हणून दुखतं हिचं डोकं," सासू म्हणाली.

"घशाला खवखवतं म्हटलं, तर ती नावं ठेवणं झालं?" कुमुद म्हणाली.

कुमुदच्या नवऱ्याने, दिगंबरने, पुढचा घास घेतला. दोघींच्या मधे बसून शांतपणे जेवण्यात तो तरबेज झाला होता.

निरंजनला निदान सापडलं. त्याने तिघांना समोर बसवलं.

"सासूबाई, तुम्ही बोलणं निम्मं करा. दिगंबरराव, तोंड घास घेण्यापुरतंच उघडू नका. कुमुदताई, तुम्ही सगळं मनाला लावून घेता. आणि हे सुरण खरोखरच खाण्यालायक नाही."

 तिघांचे काटे एकदम उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी निरंजन पालथा पडला होता आणि हत्तीणबाई सोंडेने त्याच्या पाठीतले काटे उपटत होत्या. तेवढ्यात साळिंदरं तक्रार घेऊन आली. तिघंही बरोबर आली होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"माझ्या सुनेला मनाला लावून घेणारी म्हणतो," सासू म्हणाली. "गुणाची पोर आहे ती."

"आणि आईंच्या सुरणाला बोलायचं याला काय कारण?" कुमुद म्हणाली.

"मीसुद्धा बोलणार आहे," दिगंबर म्हणाला आणि बोलला.

हत्तीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुमुद, डोकं कसं आहे?"

कुमुदने कपाळ चाचपलं. "कालपासून दुखलं नाही."

निरंजन खूश झाला. पण ज्यांना बरं केलं, त्यांनीच आपल्याला शिव्या द्याव्यात, हे त्याला सहन होईना. तो मधाचं पोळं घेऊन साळिंदरांकडे गेला. त्याने माफी मागितली. सुरण दोनदा वाढून घेतलं.

"पोरगा गुणी आहे हो," सासू म्हणाली. "नाहीतर आमची सून. एकदा तरी मागून घेतलंय?"

दोन दिवसांनी कुमुद डोक्याला फडकं बांधून इस्पितळात हजर झाली.

निरंजन इस्पितळाच्या पायरीवर जाऊन बसला.

"बाई, मला वाटलं होतं, रुग्ण आपल्याला आशीर्वाद देतात."

"काही विभागांत देतात," हत्तीणबाई म्हणाल्या.

तो उठला. साळिंदरांकडे गेला, भाजीचा घास घेतला आणि सर्वांना ऐकू जाईल असा थुंकला. "यापेक्षा इस्पितळातलं जेवण बरं," तो म्हणाला. उरलेलं काम काट्यांनी केलं.

हत्तीणबाईंनी सही दिली.

पुढे निरंजन हृदयाचा मोठा डॉक्टर झाला. लांबलांबचे प्राणी त्याच्या पाया पडू लागले. पण दर महिन्याला एकदा, कामं बाजूला ठेवून, तो साळिंदरांकडे अपमान करायला जात असे. त्या घरातला आनंद बघून शेजारचे ससे हेवा करत.

एकदा तो असाच लंगडत परत निघाला होता. कुमुद मागून आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या कानातला काटा अलगद काढला.

"डॉक्टर, पुढच्या वेळी आमटीला नावं ठेवा," ती हळूच म्हणाली. "सुरणाचं आता घरात कोणाला फारसं लागत नाही."

तात्पर्य : एकी हेच बळ. मात्र ती कोणाविरुद्ध करायची, हे आधी ठरवून घ्यावं. जवळपास एखादा डॉक्टर असला, तर सोयीचं पडतं.