पानाशिवाय आलेली अळी

आमच्या शेजारचे मल्लप्पाअण्णा घरी आलेल्याला आधी अळी दाखवत. तंबाखूचे डबे, कंदिलाच्या काचा, फुटके तांबे. सगळ्यांच्या तोंडाला मलमल बांधलेली आणि आत कुणीतरी कुरुकुरु जेवत बसलेलं. चहाचं नाव नंतर.

कारवारच्या जंगलखात्यात अण्णांनी हयात घालवली. गोऱ्या साहेबाबरोबर रान तुडवायचं, कुठली अळी कुठल्या झाडाचं पान खाते ते लिहायचं, हे काम. पेन्शनीत निघून सोलापूरला आले, पण खोड काही सुटली नाही. तिथं घनदाट रान. इथं रुई, एरंड नि बाभळी. "चालतंय की!" म्हणायचे. कुणी अळी आणून दिली की पहिला सवाल कानडीत, "एले एल्लि?" पान कुठाय? पान नसलं तर अळी परत! "जिचं घर ठाऊक न्हाय, तिची नोंद कशी करू ओ?"

कधी अळीतून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीसारखी बारकी माशी निघे. अण्णा खूश. "पाहुणा निघाला! आतनं पोखरून खाल्लं बघा." आमचे मेहुणे महिनाभर मुक्कामाला होते. अण्णांनी एकदा त्यांना असं निरखून पाहिलं, की दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी वळकटी बांधली. लई उपकार झाले.

पण या माणसाचा सगळा जीव मंद्रूपला. आईवेगळी एकुलती लेक गौरव्वा तिथं दिलेली. जंगलात असताना डबे धुणारी, पानं खुडून आणणारी तीच. सासरचे तिला माहेरी धाडत नसत. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या उंबऱ्याला जाऊ नये, असं अण्णांच्या घरातलं वळण. आणि अण्णा वळणाचे पक्के. दोन वर्षं लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.

मी मंद्रूपच्या बाजाराला कापड घेऊन जायचो. दर आठवड्याला गौरव्वा माझ्यापाशी डबी द्यायची. एक अळी, सोबत तिचं पान. परतताना अण्णा वेशीतच उभे. "बरी हाय न्हवं?" हे काही ते अळीबद्दल विचारत नसत.

एकदा डबीत नुसती अळी. अण्णा माझ्यावरच उखडले. "माझी लेक हाय ती! ती पान विसरंल? कायतरी बिनसलंय तिचं." दोन दिवस दहा झाडांची पानं घालून पाहिली. अळीनं तोंड लावलं नाही आणि ताटाला अण्णांनीही.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी जुंपा."

मंद्रूपला दारात उभे राहिले, आत पाऊल टाकायला तयार नाहीत. गौरव्वा बाहेर आली. अण्णांनी डबी पुढं केली आणि साहेबी आवाज काढून विचारलं, "कुटल्या झाडावरची ही?"

तिनं डबीकडं बघितलंसुद्धा नाही.

"पान मुद्दामच घातलं न्हाय, अप्पा. म्हटलं, इचारायला तरी याल."

अण्णा मटकन पायरीवर बसले. मी बैल सोडायला म्हणून वळलो. माझ्याच्यानं बघवेना.