रेगेकाकांची बिजागरी

माणूस रानटी अवस्थेतून बाहेर आला तो चाकामुळे, असं शाळेत शिकवतात. ते चूक आहे. चाकामुळे माणूस फार तर इकडचा तिकडे गेला. तो माणसात आला तो बिजागरीमुळे. जी वस्तू काम झाल्यावर मुकाट्याने मिटते आणि दुसऱ्याला जागा करून देते, तिच्यातच संस्कृतीचं सार आहे.

हा सिद्धांत माझा नाही. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या रेगेकाकांचा आहे. तो ऐकताना तुम्ही भारावून जरा जरी उभे राहिलात, तरी मागे 'खट्' असा आवाज होई आणि तुमची खुर्ची भिंतीला लागलेली असे.

"उठलात ना? मग मिटली," काका म्हणत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलच्या वसाहतीत आम्ही सगळे मुंबईच्या एकेका खोलीतून सुटून आलो होतो. आल्याबरोबर प्रत्येकाने मिळालेल्या जागेवर सूड उगवला. सोफा आला, शोकेस आली, शोकेसमध्ये कधीही चहा न पाहिलेले कप आले. वर्षभरात आमच्या घरांतून पुन्हा अंग चोरून चालावं लागू लागलं. रेगेकाकांच्या हॉलमध्ये मात्र मधोमध मैदान होतं. खुर्च्या, खाटा, टेबल, कपडे वाळत घालायचा स्टँड, सगळं भिंतीला टेकून शिक्षा झालेल्या मुलांसारखं उभं असे. जेवायचं टेबल भिंतीतून खाली पडे आणि ताक पिऊन होईपर्यंत परत वर गेलेलं असे. काकांच्या खिशात एकात एक बसणाऱ्या कड्यांचा स्टीलचा पेला होता, पिशवीत तीन घड्यांची छत्री होती, आणि नाकावर मधोमध मिटणारा चष्मा. गॅलरीला आम्ही सगळ्यांनी चोराच्या भीतीने पक्क्या जाळ्या ठोकून घेतल्या, तर यांनी दुकानाला असते तशी सरकती, मिटणारी जाळी लावली. बिल्डिंग महिनाभर हसली.

काका एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. "तुम्हाला सामान दिसतं," ते मला सांगत, "मला सामानामागची जागा दिसते."

"आणि मला काहीच दिसत नाही," रेगेकाकू चहा आणता आणता म्हणत. "बशी ठेवायला वळावं तर टेबल गेलेलं. या घरात न मिटणारी मी एकटीच."

काकूंची एकच इच्छा होती. त्यांना पलंग हवा होता. साधा, सागवानी, चार पायांचा. "सकाळी डोळे उघडावेत," त्या माझ्या बायकोला सांगत, "आणि एक तरी वस्तू काल होती तिथेच असावी, एवढंच." ही मागणी लग्नापासूनची होती. काका दर वेळी गंभीरपणे विचारत, "आणि दिवसा त्या पलंगाने काय करायचं?" दिवसा आमचे पलंग काय करतात हे मलाही कधी कळलेलं नाही.

काकांकडे दोन डझन लोखंडी फोल्डिंग खुर्च्या होत्या. कुणाचं बारसं असो, हळदीकुंकू असो, नाहीतर कुणी गेलेलं असो, काका न बोलावता खुर्च्या घेऊन हजर. भाडं नाही, काही नाही. फक्त ते स्वतः शेवटपर्यंत उभे राहत आणि जो उठेल त्याची खुर्ची मिटत. हात धुवायला गेलेला पाहुणा परत येऊन आपलं स्थान शोधत फिरे.

एका सव्वीस जानेवारीला आमचे चेअरमन पाटणकर भाषणाला उठले. पाटणकर हे भाषण करायचं म्हणून चेअरमन झालेले गृहस्थ. देश, त्याग आणि पाण्याची टाकी या तिन्ही विषयांना स्पर्श करून, "आपण सर्वांनी आपलं स्थान ओळखलं पाहिजे," असं म्हणून ते खाली बसले. पार खाली बसले. टाळ्या आधी कुणी वाजवल्या हे शेवटपर्यंत कळलं नाही. काकांचं म्हणणं एकच, "भाषण लांबेल असं वाटलं. तेवढ्यात मुलांना पळायला जागा झाली असती." तेव्हापासून पाटणकर कुठेही बसण्याआधी मागे हात फिरवून खात्री करून घेऊ लागले. लग्नात, बँकेत, देवळाच्या दगडी कट्ट्यावरसुद्धा.

मग कॅरम. उरण नाक्याजवळच्या जनू सुताराकडे नेऊन काकांनी चांगला भला कॅरम मधोमध कापून घेतला आणि बिजागऱ्या मारून त्याची पेटी केली. "नेता येतो," ते अभिमानाने म्हणाले. नेता येत होता, खेळता येत नव्हता. सांध्यावर स्ट्रायकर येई आणि बेडकासारखी उडी मारून समोरच्याच्या मांडीत बसे. काकांनी त्यावर नवा नियम काढला. सांध्यावरून उडालेला स्ट्रायकर फाउल नाही. काकू या नियमाखाली सगळ्यांना हरवत. राणी त्यांनी एकदा माझ्या चहात घेतली होती.

आम्ही दोन्ही कुटुंबं एकदा करंजाच्या बंदरावर गेलो, तेव्हा काकांनी धक्क्यावर फोल्डिंग टेबल मांडलं. वारा असा की टेबल तोच मिटत होता. काका उघडत, वारा मिटवे. शेजारी बोंबील वाळत घालणारी एक कोळीण कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काका, मोडलंय काय?"

"मोडलं नाही. मिटतं ते."

"मिटाचंच हाय तर मांडताव कशाला?"

काकूंना त्यावर इतकं हसू आलं की त्या तिथेच तिच्या पालथ्या टोपलीवर बसल्या. परतीच्या वाटेवर, एसटीत, काका पहिल्यांदा म्हणाले, "तिचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही." पण टेबल मांडीवर घट्ट धरलेलं होतं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी काकू पडल्या. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढायला त्या घरातल्या जुन्या लाकडी स्टुलावर चढल्या होत्या. स्टूल अर्थातच फोल्डिंगचं. त्याने आपलं काम केलं. ते मिटलं. काका तेव्हा भाजी आणायला गेले होते. आवाज ऐकून आम्ही धावलो, पण दाराचं लॅच लागलेलं होतं. काका आले, त्यांनी किल्लीने दार उघडलं, आणि पहिले तेच आत गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात मी भेटायला गेलो तेव्हा काका औषधं आणायला खाली गेले होते. काकूंनी मला जवळ बोलावलं.

"स्टूल मिटलं हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्यांना बोलू नका. ओल्या फरशीवरून पाय घसरला असं सांगितलंय मी."

"पण काकू..."

"ते स्टूल त्यांनी माझ्यासाठी केलेलं आहे. लग्न होऊन आले तेव्हा खोलीत नऊ माणसं. मला बसायला जागा नव्हती. उभ्याने भाजी चिरायची, उभ्यानेच जेवायची पाळी. आठव्या दिवशी हे फळ्या आणि बिजागऱ्या घेऊन आले, आणि ते स्टूल केलं. सासूबाई म्हणाल्या, अडगळ कशाला? हे म्हणाले, मिटतं, अडगळ होणार नाही. तिथून लागलं ते वेड. आता या वयात त्यांना कशाला सांगू?"

मी कबूल केलं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, की फोल्डिंगची खाट चालणार नाही. उंच आणि पक्का पलंग हवा, नाहीतर बाई उठू शकणार नाहीत. काकांनी मान डोलावली आणि तडक जनू सुताराकडे गेले.

आता माणूस एका टोकाला आयुष्य काढतो तेव्हा त्याला दुसरं टोकच माहीत असतं. आपले पलंग सुटे होतात. बोल्ट काढले की चार तुकडे. काका जनूला म्हणाले, "मिटणारा नको, सुटणारा नको. सगळे सांधे कायमचे बुजव." जनूने तसा केला. सरस, खुंट्या, वर पॉलिश. काकू घरी यायच्या आदल्या दिवशी दुपारी पलंग टेम्पोतून आला आणि बिल्डिंगखाली उतरला. बघण्यासारखा होता. आणि तो जिन्यात शिरेना. आडवा नाही, उभा नाही, तिरका नाही. काकांनी जिन्याचं माप घेतलंच नव्हतं. का घ्यावं? आजवर त्यांची प्रत्येक वस्तू दारापाशी यायच्या आधी मिटलेली असे.

जनूने डोकं खाजवलं. "काका, मधून कापू. दोन बिजागऱ्या मारू. वर नेऊन उघडलं की झाला पलंग."

"बिजागरी नाही," काका म्हणाले.

"आँ?"

"नाही म्हणतो ना."

जनू माझ्याकडे वळला. "यांना झालंय काय? चांगला कॅरम होता, मी नको नको बोलत होतो तरी कापायला लावला. आता मीच कापतो बोलतोय, तर नाय!"

शेवटी ठरलं की पलंग दोरांनी बाहेरून ओढून गॅलरीतून आत घ्यायचा. जनू गावाकडून होडीचा दोर आणि भाऊबंद आणायला गेला. पाटणकर खाली आले. काकांच्याच एका खुर्चीवर बसून त्यांनी आधी सोसायटीच्या नियमांचा, मग भिंतीच्या रंगाचा विचार मांडला. पलंगाच्या वजनाचा अंदाज घ्यायला ते उठले. मग सवयीने मागे हात फिरवला. खुर्ची होती. ते दचकले. सगळेच दचकले. काकांचं लक्षच नव्हतं. ते अंगणात त्या पलंगाच्या कडेवर बसले होते.

मी शेजारी जाऊन बसलो.

"कापू द्या ना जनूला," मी म्हटलं. "मधे एक सांधा आला तर काय बिघडतं?"

काकांनी पलंगाच्या पॉलिशवरून बोट फिरवलं.

"ती सांगते, फरशीवरून घसरली," ते म्हणाले. "मी आत गेलो तेव्हा ती खाली पडलेली, आणि शेजारी स्टूल मिटलेलं. घरात मी नव्हतो. आमच्याकडे वस्तू मिटतो कोण? मी. मग ते मिटलं कुणी?"

मी पलंगाच्या खुंट्या मोजू लागलो.

"तिला बोलू नका हं," काका म्हणाले. "तिला वाटतं मला ठाऊक नाही."

एकच गोष्ट दोघांनी एकमेकांपासून लपवून माझ्याकडे ठेवायला दिली होती. मी "बरं" म्हटलं.

संध्याकाळच्या आत पलंग वर गेला. वर गेला तो केवळ एवढ्यामुळे, की अख्ख्या बिल्डिंगमध्ये रेगेकाकांच्याच गॅलरीची जाळी मिटणारी होती. माझ्या जाळीतून एक उशीही आत गेली नसती. दोराला जनूची माणसं होती, मी होतो, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी त्या खुर्च्या कधी उघडल्या होत्या ते सगळे होते. पाटणकर हुकूम सोडत होते. पलंग दुसऱ्या मजल्यावर लटकून डुलू लागला तेव्हा मात्र ते गप्प झाले आणि त्यांनीही दोर धरला.

दुसऱ्या दिवशी काकूंना माझ्या घरच्या, न मिटणाऱ्या खुर्चीत बसवून वर आणलं. पलंगावर निजवल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना हात फिरवून पाहिलं.

"हा मिटतो कुठून?"

"मिटत नाही," काका म्हणाले.

"अजिबात?"

"अजिबात."

काकूंनी मान वळवून कडेखाली पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि याच्या खालचा केर कसा काढायचा हो?"

हॉलमधलं मैदान गेलं. पलंगाला लागून काकांनी आपली फोल्डिंग खाट टाकली, ती दिवसाही उघडीच राहू लागली. रात्री-अपरात्री हाक मारली तर उघडायला वेळ जातो, हे कारण. काकू पुढे काठी धरून चालू लागल्या. अर्थात काठी फोल्डिंगची होती, पण ती मिटायची परवानगी काकांना नव्हती.

मधे एकदा आमची ट्यूब गेली म्हणून मी त्यांच्याकडे स्टूल मागायला गेलो. ते जुनं लाकडी स्टूल काकूंच्या उशाशी होतं. वर औषधं आणि पाण्याचा तांब्या. काकांनी ते रिकामं करून दिलं. ट्यूब बसवून झाल्यावर मी सवयीप्रमाणे स्टूल मिटायला गेलो. मिटेना. उलटं करून पाहिलं. बिजागऱ्यांवर आडवी लोखंडी पट्टी मारली होती, चार स्क्रू घालून.

त्यातला एक तिरका बसला होता, जनूचा कधी बसला नसता.