ओपीडीच्या खिडकीतले कदम सर

कदम सरांना ओपीडीच्या औषधखिडकीमागे दोन मिनिटं स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पेशंटच्या हातात औषध ठेवलं, की ते बाजूच्या दारातून बाहेर धावत आणि त्याला जिन्यापाशी गाठून विचारत, "आता तुमी मला सांगा. कुठली गोळी, कवा घेणार?"

मी साताऱ्याची. फार्मसीच्या पहिल्याच वर्षी कॉलेजनं आम्हाला सांगलीच्या दवाखान्यात शिकायला धाडलं होतं.

"आवं सर, येष्टी सुटंल माझी!" एकदा एक पैलवान गडी ओरडला.

"सुटू दे. निळी गोळी जेवणाआधी का नंतर?"

पैलवान चुकला. सरांनी पहिल्यापासून घोटून घेतलं. एसटी गेली.

मला हे सगळं अतीच वाटायचं. एकदा सर आत गेले असताना दम्याच्या एका आक्कांना मीच औषध दिलं. कॅप्सूल आणि त्यातली पावडर श्वासानं ओढायचं छोटं यंत्र. रांग मोठी होती. "दिवसातनं दोनदा," एवढंच मी बोलले.

पंधरा दिवसांनी आक्का धापा टाकत आल्या.

"औषध कसं घेता?" सरांनी विचारलं.

"गिळते की, पाण्यासंगं."

"आणि यंत्र?"

"ते नातीला दिलंय. शिट्टी हाय न्हवं?"

रांगेत हशा पिकला. मी मात्र पुढं होऊन सरांना सांगितलं, की ते औषध मीच दिलं होतं.

डॉक्टरांनी आक्कांना वाफ दिली. तोवर सर नुसते येरझाऱ्या घालत होते. मग माझ्यापाशी थांबले. "तुला एकटीला सोडलं, ही चूक माझी. पण शिकवायचं आता तूच."

मी शिकवलं. आक्कांनी तीनदा करून दाखवलं. पुढे सर त्यांना रोज सकाळी फोन लावत. "ओढा बघू. कॅप्सूल फिरल्याचा आवाज ऐकू दे."

महिन्याभरानं आक्का खणखणीत होऊन आल्या, हातात डबा. सर त्या दिवशी आलेच नव्हते.

"ठाव हाय मला," आक्का म्हणाल्या. "आज सकाळी फोन न्हाई आला, म्हणून मीच लावला. तापानं फणफणलंय मानूस. गोळी घेतली का म्हटलं, तर न्हाई. बायको गेल्यापासनं एकलंच असत्यात. पाणी द्यायलाबी कुणी न्हाई."

"मग?"

"मग काय, फोन चालूच ठेवला. उठवलं, गोळी घ्यायला लावली. मला म्हणले, आक्का, लय दिवसांनी कुणीतरी इचारलं."

दोन महिने मी सरांच्या शेजारी उभी होते. घरी कोण असतं, एवढंही मी कधी विचारलं नव्हतं.

आक्कांनी डबा माझ्या हातात दिला. "रिक्षा बघ, पोरी. भाकरी गार व्हायच्या आत जाऊ."