गेणूचा गाडा आणि दात्यांच्या पाट्या

एका जंगलात, बाळांनो, भाषणं जागोजागी होत आणि पाणी मात्र एकाच ठिकाणी असे. ते ठिकाण म्हणजे डोंगराखालची नदी.

त्या जंगलात गेणू राहायचा. गेणू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असतात ना, तेच. एकदा दरड कोसळली आणि त्याचे मागचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढचे पाय धडधाकट होते. तोंड त्याहून धडधाकट.

गेणूला नदीवर भिवा न्यायचा. भिवा रानडुक्कर. पाठीवर घेऊन न्यायचा. साळिंदराला पाठीवर घेणं हे पुण्याचं काम आहे, पण टोचतं. म्हणून वाटेत जो भेटेल त्याला भिवा थांबून सांगायचा, "बघा, मी याला नेतोय."

"भिवादादा, घसा सुकलाय. जरा उरकता का?"

"अरे, सेवा कधी घाईत होते का?"

बरं, जायचं तेही भिवाला तहान लागेल तेव्हा. भिवा चिखलात लोळत पडला, की गेणू इकडे दगड चाटत बसायचा. त्याला दुसरं काही नको होतं. तहान लागली की आपलं आपण जावं, पोटभर प्यावं, आणि कुणाचे आभार मानू नयेत. एवढंच.

मग एका सुतारपक्ष्यानं त्याला गाडा करून दिला. दोन चाकं, वर फळी. मागचं अंग फळीवर ठेवायचं, पट्टा आवळायचा, पुढच्या पायांनी चालायचं. गेणूनं बसून बघितलं. गाडा असा पळाला, की गेणू करवंदीच्या जाळीत शिरून पलीकडनं बाहेर पडला.

"झकास," गेणू म्हणाला. "आता नदी."

"कुठे निघालास?" कोल्हेसाहेबांनी वाट अडवली. हे जंगल सेवा मंडळाचे सचिव. होते कोल्हाच, पण साहेब म्हटलं नाही तर ओळख देत नसत. "अजून वाटप झालेलं नाही."

"वाटप कसलं? गाडा माझ्या बुडाखाली आहे."

"बुडाखाली असला म्हणून काय झालं? दिला कुठे आहे? उतर खाली. सिंहमहाराजांच्या हस्ते घे, मग बस."

उतरवला त्याला.

गाड्याची फळी हत्तीनं दिली होती, चाकं अस्वलानं, पट्टा माकडांनी. सगळ्यांचं म्हणणं एकच. आम्हाला नावाची हौस नाही, फक्त पाटी तेवढी लावा.

हत्तीची पाटी हत्तीला शोभेल अशी. अस्वलानं वडिलांच्या स्मरणार्थ लावली. वडील तेव्हा शेजारच्या गुहेत जेवत होते. माकडांनी प्रत्येकी एक लावली, कारण एकाच पाटीत पहिलं नाव कुणाचं यावरून त्यांची मारामारी झाली. सगळ्यांच्या वर सिंहमहाराजांचं चित्र. आयाळीला वेगळी फळी जोडावी लागली.

समारंभ उंच कातळावर ठेवला, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून. वर जायला पायऱ्या.

"मी कसा चढू?" गेणूनं विचारलं.

"तू कशाला चढतोस? फोटोत गाडा आला म्हणजे झालं," कोल्हेसाहेब म्हणाले.

महाराज वरून बोलले, "आज आपला हा बांधव स्वतःच्या पायावर उभा राहिला." बांधव खाली झाडाच्या सावलीत बसला होता. टाळ्या मात्र बराच वेळ चालल्या.

गाडा खाली आला. गेणूनं पट्टा आवळला, पाय रोवले, ओढलं. गाडा जागचा हलेना.

"साहेब, पाट्या काढा. जड होतायत."

"दात्यांच्या भावना तुला जड होतात?"

"भावना राहू द्या हो. पाट्या काढा."

"बघितलंत?" साहेब सगळ्यांकडे वळले. "अशांना द्यावं तरी कसं?"

मंडळाची बैठक बसली. फार विचार करून तोडगा निघाला. गाडा ओढायला कुणीतरी दणकट नेमायचा. नेमला कुणाला? भिवाला. शिवाय नदीवर जाण्याआधी सगळ्या जंगलाला एक फेरी मारायची, म्हणजे ज्याला त्याला आपापली पाटी दिसेल. भिवा खूश. आता त्याला काटेसुद्धा टोचत नव्हते. गाड्यामुळे एका प्राण्याचा त्रास खरोखर कमी झाला, हे आपण मान्य केलं पाहिजे.

मग उन्हाळा आला आणि भिवा सासरी गेला. गेणूची जीभ टाळूला चिकटली. हाका मारून मारून आवाज बसला. कोल्हेसाहेब तिकडून चालले होते.

"साहेब, पाणी."

"गाडा दिलाय ना तुला? मग झालं तर," म्हणाले आणि गेले.

गेणूनं मान वळवली. तोंडासमोर हत्तीची पाटी. बाळांनो, साळिंदराचे दात कधी बघितलेत? लाकूड म्हणजे त्याला चकली. गेणूनं पाटीचा एक कोपरा तोडला. मग दुसरा. मग पट्टा सोडून, पुढच्या पायांवर अंग ओढत, गाड्याभोवती फिरून फिरून कुरतडत राहिला. हत्ती भुसभुशीत निघाला. अस्वलाचे वडील जरा चिवट होते. माकडं एकेका घासात गेली. महाराजांची आयाळ घशात खवखवली, पण तीही उतरली.

गाडा परत हलका झाला. गेणू पट्टा आवळून उतारावरनं घरंगळत थेट नदीवर. तोंड बुडवलं. प्याला. थांबला. मग तहान नसताना पुन्हा प्याला. उगाचच. कुणी विचारणारं नव्हतं म्हणून.

बातमी पसरली. सगळं जंगल काठावर जमलं. गेणूकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे उघड्याबोडक्या गाड्याकडे बघत राहिले.

हत्तीचे डोळे भरून आले. अस्वल म्हणालं, "बाबा गेले." बाबा शेजारीच उभे होते. त्यांनीही दुःखानं मान हलवली.

"आम्हालासुद्धा?" महाराजांनी विचारलं.

"तुम्हाला सगळ्यात शेवटी, महाराज," गेणू ओठ पुसत म्हणाला. "मान राखला."

मंडळाची बैठक तिथल्या तिथे बसली. ती चालू असतानाच गेणूला परत तहान लागली, आणि तो परत प्याला.

तात्पर्य : दिव्यांग बांधवाला वस्तू देताना त्याची उंची पाहावी, वजन पाहावं, दातही पाहावेत. आणि पाटी पत्र्याची करावी.