ओल्या पुठ्ठ्याचा वास

"चव तुम्ही बघा, क्राउझ," साहेब म्हणाले आणि त्यांनी रिकामा पेला एल्मर क्राउझपुढे सरकवला.

एकोणीस वर्षं विमा कंपनीत कारकुनी केल्यावर दावे विभागाच्या प्रमुखाची खुर्ची पहिल्यांदाच त्याच्या टप्प्यात आली होती. पण आमच्या क्लीव्हलंडमधले हे व्हिटकोम साहेब बढती ऑफिसात बसून देत नसत. उमेदवाराला बायकोसकट या फ्रेंच बिस्त्रोत जेवायला घालत आणि तो कसा खातोपितो ते बघत. आधीच्या उमेदवाराने, बिचाऱ्या पर्डीने, कांद्याच्या सूपवरचं चीज सुरीने कापायला घेतलं आणि ते उडून साहेबांच्या टायवर जाऊन बसलं. पर्डी अजून कारकूनच आहे.

एल्मरने जन्मात बिअरशिवाय काही चाखलं नव्हतं. म्हणून वाचनालयातून वाइनवरचं पुस्तक आणून त्याने आठवडाभर घोकंपट्टी केली होती. त्यातलं एकच वाक्य डोक्यात पक्कं बसलं: बिघडलेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

वेटर गास्तोंने पेल्यात घोटभर वाइन ओतली. एल्मरने पेला गोल फिरवला, त्यात नाक खुपसलं, घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. वास कसला ते काही कळेना. नुसतं 'छान' म्हणावं, तर ते काय कुणीही म्हणेल! त्यात कसली आलीय जाणकारी?

"चालणार नाही," तो म्हणाला. "ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

गास्तोंने चमकून साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "दुसरी आणा," एवढंच ते म्हणाले.

"एवढी वाईट आहे का रे?" लोरेनने, म्हणजे एल्मरच्या बायकोने, नाकारलेल्या बाटलीतून स्वतःच ओतून घेतली. "मला तर मस्त लागतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं!" एल्मर दातओठ खात पुटपुटला.

दुसरी बाटली आली. आता ही पसंत करावी, तर मघाशी उगाच नाक मुरडलं असं दिसणार. एल्मरने तीही नाकारली. मग तिसरीही. लोरेनने दोन्हींतली थोडी थोडी चाखली आणि ती चांगलीच खुलली.

शेजारच्या टेबलावर मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई नवऱ्यासोबत बसल्या होत्या. त्यांची अर्धी बाटली संपली होती. त्यांनी पेला नाकाशी नेला. "हॅरल्ड, आपल्या वाइनलाही पुठ्ठ्याचा वास येतोय बघ."

"मला नाही येत."

"तुला सर्दी झालीय!"

बाईंनी बाटली परत केली. मग काय, खिडकीजवळच्या दोन वकिलांना वाटलं, आपणच तेवढे अडाणी ठरायचो. त्यांनीही केली. दहा मिनिटांत बिस्त्रोभर माणसं पेल्यात नाकं खुपसून बसली. एकाने तर साधं पाणीसुद्धा परत पाठवलं. गास्तों घामाघूम झाला. त्याचा फ्रेंच हेल गळून पडला आणि आतला, शेजारच्या टोलेडो गावचा गडी बाहेर आला. "अहो, आईशप्पथ सांगतो, कालपर्यंत हीच वाइन सगळे मिटक्या मारत पीत होते!"

शेवटी मालक मार्सेल पळी हातात घेऊन तणतणत स्वयंपाकघरातून बाहेर आला. "कोण तो पुठ्ठेवाला?"

सगळ्यांनी एल्मरकडे बोट दाखवलं.

"मस्यू, माझ्या दोन बाटल्यांचं राहू द्या," मार्सेल म्हणाला. "पण पहिली माझी नव्हतीच! ती तुमच्या साहेबांनी घरून आणली होती. लग्नात आहेर आलेली, बावीस वर्षं तळघरात जपलेली!"

घरची बाटली बिस्त्रोत आणायची इथे पद्धतच आहे. पुस्तकात तेही होतं, पण ते पान एल्मरने झोप आली म्हणून सोडलं होतं. गेली खुर्ची! एकोणीस वर्षं मातीत गेली.

"क्राउझ," साहेब सावकाश म्हणाले, "खरं सांगा. तुम्हाला वाइनमधलं काही कळतं का?"

"काही म्हणजे काही नाही, साहेब. मी आपला बिअरवाला माणूस."

"मग नाकारलीत कशी?"

"नाही म्हणायला कुठे काय कळावं लागतं, साहेब?"

"आणि तिन्ही वेळा कारण तेच?"

"एकच पाठ होतं."

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. "कळत काही नाही, पण चेहरा ठाम. कारण एकच, तेही छापील. बायको समोर बसून पुरावा पितेय, तरी ढळला नाहीत!" ते उठले आणि त्यांनी एल्मरचा हात दोन्ही हातांत घेतला. "अहो, असाच माणूस मी चार वर्षं शोधतोय. सोमवारपासून दावे विभाग तुमचा!"

सोमवारी एल्मर नव्या खुर्चीत ऐटीत बसला. टेबलावर पहिलाच दावा मार्सेलचा. बिस्त्रोचा विमा याच कंपनीचा होता ना! शनिवारी गिऱ्हाइकांनी परत केलेली सगळी वाइन बिघडलेली निघाली, तरी भरपाई मिळावी. साक्षीदार, वाइनचे जाणकार श्री. एल्मर क्राउझ.

एल्मरने कपाळाला हात लावला. दुपारपर्यंत त्याने नखं कुरतडली. मग घरी फोन लावला.

"लोरेन, शनिवारची ती वाइन कशी होती गं?"

"मस्त होती! तेव्हापासून ओरडून सांगतेय."

"तेवढंच कागदावर लिही आणि सही करून दे," एल्मर म्हणाला. फोन ठेवून त्याने दाव्यावर शेरा मारला: वाइन उत्तम होती. दावा नामंजूर.